सावकाश चालवा, जिंकायचंय!

युरोप गारठलेला असतो तेव्हा प्रो सायकलपटू कुठे गायब होतात? स्पेनच्या किनाऱ्यावरच्या काल्पे नावाच्या गावात! अशाच एका टीमच्या प्री-सीझन कॅम्पमध्ये पुण्याच्या एका 'संडे सायकलिस्ट'ने काढलेले हे चार दिवस.

सकाळचे साडेसात वाजलेत. हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये माझ्या समोरचा पोरगा भात वजन करून घेतोय. हो, भातच. तोही नाश्त्याला! बशी डिजिटल काट्यावर ठेवायची, भात वाढायचा, मोबाइलवरच्या आकड्याशी ताडून बघायचा, अर्धा चमचा परत भांड्यात टाकायचा. मग वर ऑम्लेट. माझ्या आजीने हे बघितलं असतं तर तिने आधी त्याच्या पानात लोणचं वाढलं असतं, बाकीची चौकशी नंतर!

"आमच्याकडे सकाळी सकाळी भात खाल्ला तर माणूस ऑफिसात झोपतो," मी म्हटलं.

"आमच्याकडे नाही खाल्ला तर रस्त्यावर झोपतो," तो म्हणाला आणि शांतपणे ऑम्लेटकडे वळला.

तेवीस वर्षांचा बेल्जियन मुलगा. सायकलवर चित्ता, आणि पायी चालायला लागला की बदक. प्रो टीममधलं हे त्याचं दुसरं वर्ष. त्याचं नाव लिहीत नाही, टीमचंही नाही. टीमच्या जर्सीवर ज्या कंपन्यांची नावं आहेत त्यांतली एक आमची क्लायंट. प्रोजेक्टच्या मीटिंगसाठी मला युरोपात बोलावलं होतं आणि 'तू सायकल चालवतेस ना? मग शेवटचे चार दिवस कॅम्पवर ये' असं आमंत्रण आलं. स्पॉन्सरच्या पाहुण्यांना कॅम्पवर नेणं हा या धंद्यातला रिवाजच आहे. आपल्याकडे क्लायंटला क्रिकेट मॅचच्या बॉक्समध्ये बसवतात, तसं. फक्त इथे पाहुण्यालाही घाम गाळावा लागतो. आल्या आल्या एका कागदावर सही घेतली. कागद कसला, ते आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे नावं नाहीत. बाकी सगळं सांगते.

समुद्र, सुळका आणि रिकामी हॉटेलं

काल्पे हे स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, अलिकान्ते प्रांतातलं गाव. अलिकान्तेच्या विमानतळावरून हायवेने साधारण तासाभराचा रस्ता. वाटेत बेनिडॉर्म लागतं, म्हणजे उंचच उंच हॉटेलांचं जंगल. ते मागे पडलं, डोंगरातले बोगदे संपले, की समोर थेट समुद्रात उभा ठाकलेला एक अजस्र खडक दिसतो. पेन्योन दे इफाच. चुनखडीचा ३३२ मीटर उंच सुळका, जमिनीला एका चिंचोळ्या पट्टीने जेमतेम जोडलेला. १९८७ पासून तो संरक्षित निसर्ग उद्यान आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, कुणीतरी लिंगाणा उचलून गुहागरच्या बीचवर आणून ठेवलाय.

सुळक्याच्या अलीकडे, चक्क भर गावात, जुनं मिठागर आहे. मीठ काढणं कधीच बंद झालं. आता तिथे फ्लेमिंगो उतरतात. आजूबाजूला उंच बिल्डिंगा, मध्ये उथळ तळं आणि त्यात एका पायावर उभे गुलाबी पक्षी. शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या मुंबईकरांना हा सीन ओळखीचा वाटेल.

गाव खरं तर उन्हाळ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये बीचवर टॉवेल टाकायला जागा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र हॉटेलं ओस. सायकलवाल्यांचं फावलं ते इथेच. बेल्जियम-हॉलंडमध्ये जानेवारीच्या दुपारी पाच-सहा अंश तापमान आणि वर चिडचिडा पाऊस. इथे सोळा-सतरा अंश आणि लख्ख ऊन. समुद्राला पाठ करून सायकल हाणली की दहा किलोमीटरच्या आत डोंगर सुरू. रस्ते गुळगुळीत, रहदारी तुरळक. त्यामुळे दर हिवाळ्यात काल्पे, अल्तेआ, देनिया, बेनिडॉर्म या पट्ट्यात अनेक प्रो टीम्स मुक्काम ठोकतात. बेल्जियमची क्विक-स्टेप टीम तर वर्षानुवर्षं काल्पेला येते आहे. सकाळी कॉफीला बाहेर पडावं तर टीव्हीवर बघितलेल्या जर्सी रांगेने समोरून जातात. शिवाजी पार्कात 'तो बघ, रणजी खेळतो' असं कुणीतरी कानात सांगतं ना, तसं इथे होतं. फक्त इथे तो टूर द फ्रान्स खेळलेला असतो.

ऑफिस, पण चाकांवर

माझ्या डोक्यात कॅम्प म्हणजे शिट्टी, घाम आणि ओरडणारा कोच. प्रत्यक्षात हे चालतंफिरतं ऑफिस निघालं. रायडर तीसेक. त्यांच्यामागे स्पोर्ट्स डायरेक्टर (रेसमध्ये मागच्या कारमधून डावपेच सांगणारे, सगळे त्यांना 'डीएस' म्हणतात), कोच, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, टीमचा स्वतःचा आचारी, मेकॅनिक, फोटोग्राफर, मार्केटिंगवाले. रायडरपेक्षा बाकीचेच जास्त!

हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मेकॅनिकांचं राज्य. ओळीने टांगलेल्या सायकली, तेलाचा वास, रेडिओवर कुठलंतरी जुनं इटालियन गाणं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे रेसची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असून चालत नाही. म्हणजे कारखानदारांना आणखी हलकी करता येते, पण परवानगी नाही. पुण्यातल्या माझ्या सायकलचं वजन मी त्यांना सांगितलं नाही.

मला उसनी सायकल देताना मेकॅनिकने विचारलं, "पुढचा ब्रेक कुठल्या हाताला लागतो तुला?"

आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. युरोपात डाव्या. चुकीच्या हाताने करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे. बदलायला वेळ लागणार होता, म्हणून त्याने डाव्या लिव्हरला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला. "हे बघत जा. सवय वाईट असते." त्याचं ते वाक्य मला दोन दिवसांनी नीट कळणार होतं.

माझी सगळ्यात गट्टी जमली ती 'स्वान्यर' मंडळींशी. हा फ्रेंच शब्द, अर्थ काळजी घेणारा. मसाज, बाटल्या भरणं, कपडे धुणं, विमानतळावरून ने-आण, सगळं यांच्याकडे. आपल्या ऑफिसातल्या मामांना सुट्टी दिली तर ऑफिस जसं अर्ध्या दिवसात कोलमडतं, तसंच यांचं. पहाटे उठून ते भात शिजवतात, त्यात क्रीम चीज आणि साखर कालवतात, ट्रेमध्ये थापतात आणि वड्या पाडून फॉइलमध्ये गुंडाळतात. रायडर जर्सीच्या मागच्या खिशात या वड्या घेऊन निघतात. मीही एक खाल्ली. दहीभात थापून त्याच्या गोडसर वड्या पाडल्या तर लागतील, तशी लागली. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणजे कमाल मानायचे. आता ९० आणि त्याहूनही जास्त जातं. पायांसारखीच पोटालाही त्याची सवय करावी लागते, आणि ती सवय कॅम्पमध्येच लावतात.

दिवसाचं टाइमटेबल: साडेसातला नाश्ता, दहाला राइड, दुपारी तीन-साडेतीनला परत, जेवण, मसाज, मीटिंग, पुन्हा जेवण, दहाला दिवे बंद. समुद्र रस्त्याच्या पलीकडे, पण चार दिवसांत एकालाही पाण्यात पाय बुडवताना बघितलं नाही. उभं राहण्यापेक्षा बसावं, बसण्यापेक्षा आडवं व्हावं, हा यांचा धर्म. पाय फक्त पेडलसाठी!

हळू जाण्याचा फंडा

पहिल्या दिवशी मला डीएसच्या कारमध्ये बसवलं. मनात म्हटलं, आता बघायला मिळणार सॉलिड स्पीड! कसलं काय. पुढे दोन-दोनच्या रांगेत पोरं गप्पा मारत चाललेली. कुणी घराच्या कर्जाबद्दल बोलतंय, कुणी बाळाच्या दातांबद्दल. पाच तास, दीडशे किलोमीटर, आणि बहुतेक वेळ हेच. तासाभराने मला जाम झोप यायला लागली.

"हे कधी जोरात जाणार?" मी शेवटी विचारलंच.

"मार्चमध्ये," डीएस म्हणाला.

मग मागच्या सीटवरच्या कोचने फंडा समजावला. न धापता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हा या राइडचा नियम. या वेगाला शरीर चरबी जाळून ऊर्जा करायला शिकतं, स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते, आणि दुसऱ्या दिवशी परत पाच तास बसता येतं. वेग थोडा वाढवला तर मजा येते, पण थकवा दुप्पट आणि फायदा तेवढाच. जोराचं काम असतंच, पण ते मोजून: ठरलेला चढ, ठरलेली मिनिटं, ठरलेले वॅट.

तो ठरलेला चढ म्हणजे कोल दे रातेस. पार्सेंत नावाच्या गावातून सुरू होणारा, साडेसहा किलोमीटरचा, सरासरी पाच टक्क्यांचा घाट. वर पोहोचलं की साधारण सव्वासहाशे मीटर उंची. आपल्या सिंहगडासारखा तो छळत नाही. एकसारखा, शहाण्यासारखा चढत जातो, म्हणून टेस्टसाठी उत्तम. या भागात येणाऱ्या टीम्सची दरवर्षीची परीक्षा याच रस्त्यावर होते. ठरलेले वॅट धरून चढायचं, थांबलं की कोच कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेतो आणि त्यातलं लॅक्टेट मोजतो. परत खाली, परत वर, या वेळी जास्त वॅट. कितव्या वॅटला रक्तातलं लॅक्टेट झपाट्याने चढायला लागतं, त्या आकड्यावर पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यासक्रम ठरतो. हीच पोरं पूर्ण जोर लावतात तेव्हा पंधरा मिनिटांच्या आत माथ्यावर असतात. मला नंतर किती लागली? अर्ध्या तासाहून जास्त. एवढंच पुरे.

संध्याकाळी कोचने माझा पुण्यातला आठवडा विचारला. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, शनिवारी झोप, रविवारी ग्रुपबरोबर सिंहगड, जीव खाऊन. मग तीन दिवस पाय धरलेले.

"म्हणजे तू नेहमी थोडी जोरात जातेस," तो म्हणाला, "म्हणून खूप जोरात कधीच जाता येत नाही."

तो सायकलबद्दलच बोलत होता. पण त्या रात्री मला माझं ऑफिसचं कॅलेंडर आठवलं.

घरगडी

सायकल रेसिंग हा टीमचा खेळ आहे, हे टीव्हीवर नीट कळत नाही. पोडियमवर एकच जण उभा असतो ना! पण पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं की हवेचा मारा कमी होतो आणि मागच्याची साधारण तीसेक टक्के ताकद वाचते. मोठ्या झुंडीच्या पोटात तर आणखीच. आइंडहोव्हनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या झुंडीचा अभ्यास केला. आतल्या भागातल्या रायडरला एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत फक्त पाच ते दहा टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. याचा सरळ अर्थ असा, की लीडरला शेवटच्या चढापर्यंत ताजा ठेवायचा असेल तर बाकीच्यांनी वारा अंगावर घ्यायचा.

या बाकीच्यांना 'डोमेस्टिक' म्हणतात. फ्रेंचमध्ये अर्थ घरगडी. कारपर्यंत मागे जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, परत पुढे येऊन वाटायच्या. लीडर पंक्चर झाला तर आपलं चाक काढून द्यायचं. शेवटच्या किलोमीटरला बाजूला व्हायचं. रिझल्टमध्ये स्वतःचं नाव नव्वदावं.

माझा भात मोजणारा मित्र याच पंक्तीतला. टॉप लेव्हलच्या टीममध्ये नवख्याला पहिला करार किमान दोन वर्षांचा मिळतो. त्याचं दुसरं वर्ष आता सुरू झालंय. या सीझनमध्ये दिसला नाही, तर पुढच्या जानेवारीत भात मोजायला दुसरंच कुणीतरी असेल. टूर द फ्रान्सला २०१८ पासून प्रत्येक टीममधून आठच जण जातात. म्हणजे तिसातले बावीस घरी. आपल्या अप्रेझलला आपण उगाच नावं ठेवतो.

मग इतक्या ताणाखालची माणसं एकमेकांच्या चाकापासून वीतभर अंतरावर बिनधास्त कशी चालवतात? त्याचं उत्तर मला कारच्या काचेतून दिसत होतं. पुढच्याला खड्डा दिसला की तो हात खाली करून बोट दाखवतो. मागचा तसंच करतो, त्याच्या मागचाही. उभी गाडी आली की पाठीमागे हात नेऊन बाजूला व्हायची खूण. पंधरा जणांच्या रांगेत ती खूण लाटेसारखी मागे जाते. मागच्याला पुढचं काहीच दिसत नसतं. तो फक्त त्या हाताकडे बघत असतो.

"कॅम्पमध्ये पाय तयार होतातच," डीएस म्हणाला होता. "पण कोण हात दाखवायला विसरतो, तेही मला इथेच कळतं."

राइट! राइट! राइट!

तिसरा दिवस टीमचा विश्रांतीचा. यांची विश्रांती म्हणजे दोन-अडीच तास हलकी राइड! त्या दिवशी पाहुण्यांना बरोबर घेतात. आम्ही काल्पेहून बेनिस्साचा चढ चढून हालोनच्या खोऱ्यात उतरलो. आहाहा, काय खोरं आहे! द्राक्षाचे मळे, संत्र्यांनी लगडलेली झाडं, बदामाच्या बागा. बदामाला नुकत्याच कळ्या फुटत होत्या. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत हे खोरं पांढरं-गुलाबी होतं. मध्येमध्ये कमानींच्या ओसऱ्या असलेली जुनी घरं दिसतात. त्यांना 'रिउराउ' म्हणतात. पूर्वी इथे मस्कत द्राक्षांचे बेदाणे करायचे, आणि वाळत घातलेला माल पाऊस-दवापासून वाचवायला रातोरात त्या कमानींखाली घ्यायचे. आमच्या तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या शेडची ही सुंदर मावशी!

पंचवीसेक किलोमीटरवर पार्सेंतला कॉफी ब्रेक. कॉफी झाली. पोरं बाटल्या भरत, फोटो काढत रेंगाळली होती. पुढे कोल दे रातेस. मी विचार केला, आपण स्लो, थोडं आधी सुटलेलं बरं. कुणाला न सांगता निघाले.

गावाबाहेर रस्ता रिकामा. ऊन मस्त. दोन्ही बाजूंना दगडी बांधांची शेतं. इतका वेळ मी ग्रुपबरोबर होते, तेव्हा बाजूचा विचार करावाच लागला नव्हता. आता एकटीच होते. आणि माझ्या शरीराने, पुण्यात रोज करतं तेच, मला काही न विचारता करून टाकलं होतं. मी रस्त्याच्या डाव्या कडेने चालले होते. अगदी शिस्तीत, कडेला धरून, स्वतःवर खूश.

मागून ओरडणं ऐकू आलं. "राइट! राइट! राइट!"

मला वाटलं, 'बरोबर चाललीस' म्हणून कुणी चिअर करतंय. मी हात हलवला! पुन्हा आवाज आला, आता अगदी जवळ आणि फाटलेला. मग कुठे डोक्यात लख्ख पडलं. हँडल वळवून रस्त्याच्या उजव्या कडेला पोहोचते न पोहोचते तोच वरच्या वळणावरून एक पांढरी व्हॅन उतरली. स्वतःच्या योग्य बाजूने, योग्य वेगाने. दोन श्वासांपूर्वी मी जिथे होते, तिथूनच गेली.

ड्रायव्हरने काहीच बघितलं नसावं. हॉर्नसुद्धा वाजला नाही.

माझ्या शेजारी माझा बेल्जियन मित्र धापा टाकत होता. त्याचं एक वाक्यही पूर्ण होत नव्हतं. आम्ही थांबलो. माझे पाय लटलटत होते. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने हँडलवरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाला, "आज माझा हार्ट रेट १२० च्या वर जायला नको होता."

डीएसची कार आली. त्याला सगळं कळलं. तोही ओरडला नाही. डावीकडच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाला, "पलीकडचं गाव बेनिजेंब्ला. २०१६ आठवतं?"

मला वाचून माहीत होतं, पण ते इतक्या जवळ घडलं हे माहीत नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये जायंट-अल्पेसिन टीमचे सहा रायडर अशाच कॅम्पच्या राइडवर असताना बेनिजेंब्लाजवळ एका ब्रिटिश चालकाची गाडी चुकीच्या, म्हणजे डाव्या बाजूने समोरून येऊन त्यांच्यावर आदळली. इंग्लंडातली बाजू. आपलीही तीच. त्या सहांत जर्मनीचा जॉन डेगेनकोल्ब होता. २०१५ च्या एकाच वसंतात मिलान-सान रेमो आणि पॅरिस-रूबे अशा दोन महारेस जिंकलेला रायडर. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी तुटता तुटता वाचली. तो परत उभा राहिला, पण पूर्वीचा सूर सापडायला वर्षं गेली. जुलै २०१८ मध्ये टूर द फ्रान्सचा रूबेला संपणारा टप्पा त्याने जिंकला, तेव्हा तो ढसाढसा रडला होता.

हे मी यूट्यूबवर बघितलं होतं. तेव्हा ती मला 'कमबॅक स्टोरी' वाटली होती. पार्सेंतच्या त्या वळणावर उभं राहून पहिल्यांदा मी त्या गाडीतल्या माणसाचा विचार केला. दारू होती की घाई, मला ठाऊक नाही. पण रिकामा रस्ता, छान ऊन आणि अंगवळणी पडलेली बाजू एवढं पुरतं, हे मात्र मला आता ठाऊक होतं.

उरलेला घाट मी गप्प चढले. शेवटच्या किलोमीटरला पाठीवर एक हात टेकला आणि सायकल हलकी झाली. घरगडी आपलं काम करत होता. माथ्यावरच्या रेस्टॉरंटपाशी थांबून बघितलं तर खाली सगळं खोरं आणि दूरवर समुद्र. फोटो काढला. हलला.

संध्याकाळी टीमच्या सिस्टिममध्ये सगळ्यांचा डेटा अपलोड झाला. विश्रांतीच्या दिवसाच्या सपाट रेघेत त्याच्या आलेखावर एक उंच सुळका, हुबेहूब पेन्योन दे इफाच! कोचने कारण विचारलं. त्याने कॉमेंटच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: पाहुणी.

यादी

शेवटच्या संध्याकाळी मीटिंग. कुणी कुठल्या रेसला जायचं, त्याची यादी. हॉलचं दार बंद. मी लॉबीत बसून फ्लेमिंगो मोजत होते. तासाभराने पोरं बाहेर आली. काही मोठ्याने हसत, काही मोबाइलमध्ये डोकं घालून.

तो जेवायला माझ्यासमोरच बसला. काटा काढला, बशी ठेवली, भात वाढला.

"काय झालं?"

फेब्रुवारीत व्हॅलेन्सियाची रेस मिळाली होती, इथल्याच भागातली. मग फ्रान्समधल्या दोन-तीन छोट्या. त्याला हवी होती ती एप्रिलमधली टूर ऑफ फ्लँडर्स, त्याच्या घरापासून काही किलोमीटरवरून जाणारी. तिथे त्याच्या नावापुढे 'राखीव' लिहिलं होतं.

"म्हणजे कुणी पडलं तर मी," तो म्हणाला. अर्धा चमचा भात परत भांड्यात टाकला. "आणि कुणी पडावं असं म्हणता येत नाही. सगळे मित्र आहेत."

मला काय बोलावं सुचेना. आपल्याकडे असतं तर म्हटलं असतं, होईल रे सगळं नीट. पण होईलच असं नव्हतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी माझ्या बॅगेतून आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली काढली आणि टेबलावर सरकवली. त्याने आहारतज्ज्ञाकडे एकदा चोरून बघितलं. मग बोटभर लोणचं भाताच्या कडेला घेतलं.

वजन केलं नाही.

परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी पहाटे पाषाण रोडला सायकल काढली. सिंहगड नाही, सपाट रस्ता, न धापता वाक्य बोलता येईल असा वेग. सोसायटीच्या गेटपाशी दोन सेकंद थांबले. डावीकडे. हो, इथे डावीकडे. पुढे रस्त्यात नेहमीचा खड्डा आला आणि माझा हात आपोआप खाली गेला, बोट खड्ड्याकडे.

मागे बघितलं तर जुन्या काळ्या सायकलवर दुधाचे कॅन लावलेले एक काका होते. त्यांनी माझ्याकडे, मग खड्ड्याकडे बघितलं.

"दिसला, दिसला," म्हणाले. आणि बाजूने काढून पुढे गेले. माझ्यापेक्षा जोरात!

जायचंय का?

कसं जाल: मुंबईहून अलिकान्तेला थेट विमान नाही. माद्रिद किंवा युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं. शेंगेन व्हिसा हवा. अलिकान्ते शहरातून बेनिडॉर्मला गाडी बदलून ट्रॅमनेही काल्पेला जाता येतं. ट्रॅम हळू जाते, पण खिडकीतून समुद्र दिसतो.

कधी जाल: प्रो टीम्स बघायच्या तर डिसेंबर आणि जानेवारी. बदामाचा बहर हवा तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. ऑगस्टमध्ये सायकल घेऊन जाऊ नका, भाजून निघाल.

काय चालवाल: काल्पे आणि आसपास चांगल्या रोड बाइक भाड्याने मिळतात. पहिल्या दिवशी हालोनचं खोरं, दुसऱ्या दिवशी कोल दे रातेस. खुमखुमी असेल तर कुंब्रे देल सोल, म्हणजे 'सूर्याचं शिखर'. चढ छोटा, पण भिंतीसारखा. वुएल्ता या स्पेनच्या महारेसचा टप्पा इथे संपला तेव्हा २०१५ मध्ये टॉम ड्युमुलँ आणि २०१७ मध्ये ख्रिस फ्रूम जिंकला होता.

काय खाल: 'आरोस देल सेन्योरेत', शब्दशः साहेबांचा भात. यातले मासे-कोळंबी आधीच सोलून घातलेले असतात, साहेबांचे हात खराब व्हायला नकोत म्हणून! व्हेजवाल्यांनी संत्री, बदाम आणि बेदाण्यांवर भर द्यावा.

काय बघाल: पेन्योन दे इफाचवर चढायला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. वरचा भाग निसरडा आहे, चांगले बूट घाला.

लक्षात ठेवा: स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना गाडीने किमान दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे, आणि बहुतेक जण तो पाळतात. तुम्ही फक्त उजवीकडून चालवा. कॉफी पिऊन निघाल तेव्हा तर नक्कीच. हँडलवर चिकटपट्टी लावा, त्यावर बाण काढा, पण विसरू नका.